वाचकांचे प्रश्न : ‘सबसिडाइज’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : एका सहकारी संस्थेची इंग्रजी परिपत्रके मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे असते. त्यांत ‘सबसिडाइज’ हे क्रियापद वारंवार येते आणि मी दर वेळी ‘अनुदान देणे’ असे लिहून पुढे जातो. अलीकडे विजेच्या दरांविषयीच्या एका मजकुरात ‘औद्योगिक ग्राहक शेतीपंपांच्या ग्राहकांना सबसिडाइज करतात’ अशा अर्थाचे वाक्य आले. तेथे ‘अनुदान देतात’ असे लिहिणे विचित्र वाटले, पण दुसरा शब्द सुचला नाही. या क्रियापदाचा अर्थ, मूळ आणि वापर यांविषयी सांगावे. (एक वाचक, जिल्हा सांगली)

उत्तर : आपल्याला जे विचित्र वाटले ते खरोखरच विचित्र आहे, कारण त्या वाक्यात कोणीही कोणाच्या हातात पैसे ठेवलेले नाहीत. ‘सबसिडाइज’ या क्रियापदाचा गाभा ‘एखाद्या गोष्टीच्या खऱ्या खर्चाचा काही भाग दुसऱ्याने सोसणे’ हा आहे. या सोसण्यामुळे ती वस्तू किंवा सेवा घेणाऱ्याला तिच्या खर्चापेक्षा कमी किमतीत मिळते, किंवा जो व्यवहार स्वतःच्या बळावर टिकला नसता तो चालू राहतो. पैसा प्रत्यक्ष कोणाच्या खात्यातून कोणाच्या खात्यात गेला, हा या क्रियापदाच्या दृष्टीने दुय्यम तपशील आहे.

आपल्या ओळखीचे उदाहरण घ्यावयाचे तर महाराष्ट्रात 26 जानेवारी 2020 रोजी सुरू झालेली शिवभोजन थाळी घेता येईल. योजनेच्या मूळ आखणीत शहरी भागात एका थाळीचा खर्च 50 रुपये आणि ग्रामीण भागात 35 रुपये धरला होता. जेवणारा 10 रुपये देई आणि उरलेले, म्हणजे शहरात 40 आणि गावात 25 रुपये, शासन केंद्रचालकाला देई. या एकाच व्यवहाराविषयी इंग्रजीत तीन वाक्ये लिहिता येतात आणि तिन्ही शुद्ध ठरतात : शासन थाळी सबसिडाइज करते, शासन जेवणाऱ्याला सबसिडाइज करते, आणि शासन भोजनकेंद्राला सबसिडाइज करते. मराठीत मात्र ‘केंद्राला अनुदान मिळते’ हे सहज वाटते, ‘थाळीला अनुदान मिळते’ हे ओढूनताणून केल्यासारखे वाटते आणि ‘जेवणाऱ्याला अनुदान मिळते’ हे तर वस्तुस्थितीला सोडून होते, कारण त्याच्या हाती काहीच पडत नाही. त्याला मिळते ती सवलत. मराठी ‘अनुदान’ पैशाच्या मागे जाते, तर इंग्रजी क्रियापद लाभाच्या मागे जाते. आपली अडचण नेमकी येथे उभी राहते.

एस.टी.च्या प्रवासभाड्यातही हीच रचना दिसते. 17 मार्च 2023 पासून महिलांना एस.टी.च्या भाड्यात 50 टक्के सवलत आहे. या सवलतीची भरपाई राज्य शासन महामंडळाला करते, म्हणून शासन आणि महामंडळ यांच्यातील व्यवहार हा प्रतिपूर्तीचा, तर महामंडळ आणि प्रवासी यांच्यातील व्यवहार हा सवलतीचा ठरतो. इंग्रजी लेखक दोन्ही मिळून एकाच क्रियापदात सांगून मोकळा होतो. मराठी अनुवादकाला मात्र आपण यांपैकी कोणत्या दुव्याविषयी बोलत आहोत हे आधी ठरवावे लागते.

आता आपल्या मूळ वाक्याकडे येऊ. विजेच्या दरात एका वर्गाच्या ग्राहकांकडून पुरवठ्याच्या सरासरी खर्चापेक्षा अधिक दर घेतला जातो आणि त्या जादा वसुलीतून दुसऱ्या वर्गाचा दर खर्चाच्या खाली ठेवला जातो. याला इंग्रजीत ‘क्रॉस सबसिडी’ म्हणतात, आणि 2003 च्या विद्युत कायद्यात ही संज्ञा अधिकृतपणे आलेली आहे. एवढेच नव्हे, तर जो मोठा ग्राहक वितरण कंपनीला सोडून अन्यत्र वीज घेतो त्याच्याकडून या कारणासाठी अधिभार घेण्याची तरतूदही त्या कायद्यात आहे. याच कायद्याच्या कलम 65 मध्ये मात्र वेगळीच गोष्ट सांगितलेली आहे : राज्य शासनाला एखाद्या वर्गाच्या ग्राहकांना स्वस्त वीज द्यावयाची असेल, तर त्याची भरपाई शासनाने आगाऊ केली पाहिजे. महाराष्ट्रात एप्रिल 2024 पासून 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्याची जी योजना आली, तिचा भार शासनाच्या तिजोरीवर येतो, म्हणून तेथे ‘अनुदान’ हा शब्द चपखल बसतो. आपल्या वाक्यातला पहिला प्रकार मात्र अनुदानाचा नाही. तेथे ‘औद्योगिक ग्राहकांच्या वाढीव दरातून शेतीपंपांच्या विजेचा काही भार उचलला जातो’ असे लिहावे. वाक्य लांबते खरे, परंतु ते वाचणाऱ्याला कोण कोणासाठी काय सोसत आहे हे कळते, आणि परिपत्रकाचा हेतू तोच असतो.

रेल्वेच्या तिकिटावर काही वर्षांपूर्वीपासून छापला जाणारा मजकूर अनेकांनी पाहिला असेल. प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी 57 टक्केच भाड्यातून वसूल होतात, असे तो सांगतो. उरलेल्याचा मोठा वाटा मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरून निघतो. त्या मजकुरात प्रवाशाला ‘तुम्हाला अनुदान दिले’ असे म्हटलेले नाही. तो केवळ वसुलीचा आकडा सांगतो आणि उरलेले वाचणाऱ्यावर सोपवतो. हे पुरेसे स्पष्ट आहे, आणि किंचित खोचकही.

मूळ पाहू जाता आपण थेट रोमन रणांगणावर पोहोचतो. लॅटिनमध्ये ‘सब’ म्हणजे खाली किंवा जवळ आणि ‘सेडेरे’ म्हणजे बसणे. त्यांपासून ‘सब्सिडियम’ हे नाम तयार झाले. जुन्या रोमन सैन्याची रचना तीन फळ्यांची असे. पुढच्या दोन फळ्या लढत असताना तिसऱ्या फळीतील अनुभवी सैनिक, ज्यांना ‘ट्रायारी’ म्हणत, ते मागे गुडघा टेकून बसून राहत आणि पुढचे दमले किंवा मागे रेटले गेले म्हणजे उठून उभे राहत. रोमन विद्वान व्हॅरो याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात हीच व्युत्पत्ती दिली आहे : हे लोक मागे बसून राहत, म्हणून ‘सब्सिडियम’. ‘प्रकरण ट्रायारींपर्यंत आले’ अशी रोमन लोकांत म्हणच होती, आणि तिचा अर्थ ‘आता शेवटचा उपाय’ असा होता. राखीव फौज, मग मदतीला येणारी कुमक, मग कोणत्याही प्रकारची मदत, असा या नामाचा अर्थ हळूहळू पसरत गेला.

संस्कृत जाणणाऱ्या वाचकांना येथे एक ओळखीचा चेहरा दिसेल. लॅटिनमधील ‘सेडेरे’ आणि संस्कृतमधील ‘सद्’ हे धातू एकाच इंडो-युरोपीय मुळाचे आहेत, आणि ‘सब’ व ‘उप’ यांचेही मूळ एकच मानले जाते. त्यामुळे सदन, संसद, परिषद आणि उपनिषद हे शब्द ‘सबसिडी’चे दूरचे भाऊबंद ठरतात. गुरूच्या जवळ खाली बसणे आणि लढाईच्या मागे दबा धरून बसणे, या दोन कृतींत शरीराची ठेवण जवळपास सारखी आहे. उद्देशाबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. विषयांतर झाले खरे, परंतु ‘सबसिडी’ हा शब्द आपल्या भाषेला सर्वस्वी उपरा आहे असे मानणाऱ्यांसाठी ते केले.

इंग्रजीत नाम आधी आले आणि क्रियापद फार उशिरा. चौदाव्या शतकाच्या अखेरीस ‘सबसिडी’ हा शब्द अँग्लो-नॉर्मन फ्रेंचमधून इंग्रजीत आला, आणि मध्ययुगीन व ट्यूडर काळातील इंग्लंडमध्ये त्याचा ठळक अर्थ आजच्या नेमका उलट होता : संसदेने राजाला मंजूर केलेला कर. युद्ध उभे राहिले आणि राजाची नेहमीची मिळकत पुरली नाही, म्हणजे तो संसदेकडे ‘सबसिडी’ मागे. सोळाव्या शतकात या कराचा दर बहुधा जमिनीच्या उत्पन्नावर पौंडामागे चार शिलिंग आणि जंगम मालमत्तेवर पौंडामागे दोन शिलिंग आठ पेन्स असा ठरून गेला होता. अशा प्रकारची शेवटची सबसिडी 1663 मध्ये घेण्यात आली. म्हणजे त्या काळी प्रजा राजाला सबसिडी देत असे. आज सबसिडी मागणाऱ्या नागरिकाला जे शब्द ऐकावे लागतात, ते तेव्हा राजाला ऐकावे लागत. आर्थिक शब्दांच्या इतिहासात अशी पूर्ण कोलांटउडी फार थोड्या शब्दांनी मारली असेल.

क्रियापद अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले, आणि तेही सैन्याच्या संदर्भात. त्या शतकात ब्रिटन युरोपातील युद्धांत स्वतःचे फार मोठे पायदळ उतरवण्याऐवजी मित्रराजांना पैसे देत असे. सप्तवार्षिक युद्धात एप्रिल 1758 च्या करारानुसार ब्रिटनने प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकला वर्षाला 6,70,000 पौंड देण्याचे मान्य केले. पुढे अमेरिकेतील वसाहतींचे बंड मोडण्यासाठी हेसे-कासेल आणि इतर जर्मन संस्थानांकडून सुमारे 30,000 सैनिक भाड्याने घेतले गेले, तेव्हा त्या संस्थानिकांना जी रक्कम मिळे तिलाही सबसिडीच म्हणत. एखाद्या राजाला ‘सबसिडाइज करणे’ म्हणजे पैसे देऊन त्याला आपल्या बाजूने लढते ठेवणे, असा क्रियापदाचा सुरुवातीचा रोख होता. उद्योग, जहाज कंपन्या, रंगभूमी, धान्य आणि खते ही कर्मे त्याला नंतर मिळाली. लॅटिनमधील मागे बसलेल्या राखीव सैनिकापासून इंग्रजांच्या पैशावर लढणाऱ्या जर्मन सैनिकापर्यंतचा हा प्रवास पाहिला, तर ‘दुसऱ्याने आधार दिला म्हणून उभे राहणे’ हा धागा कोठेही तुटलेला दिसत नाही.

प्रश्न : शाळेत इतिहास शिकवताना ‘तैनाती फौज’ हा शब्द येतो. इंग्रजी पुस्तकांत त्याला ‘सब्सिडिअरी’ हे विशेषण लावलेले असते. घरगुती गॅसच्या सबसिडीशी त्याचा काही संबंध आहे, की केवळ उच्चाराचे साम्य आहे? (एक शिक्षिका, मिरज)

उत्तर : संबंध आहे, आणि तो रक्ताचा आहे. ‘सब्सिडिअरी फोर्स’ यातील विशेषणाचा अर्थ येथे दुय्यम किंवा सहायक असा नसून ‘सबसिडीवर पोसलेली’ असा आहे. हिंदी पाठ्यपुस्तकांत या पद्धतीला ‘सहायक संधी’ म्हणतात, ते या विशेषणाचा दुसरा अर्थ घेतल्यामुळे. मराठीने आणखी तिसरा मार्ग धरला. इंग्रजीने फौजेचे नाव तिच्या खर्चावरून ठेवले, तर आपण ती कोठे आणून बसवली यावरून ठेवले. दरबारात तैनात झालेली, म्हणून तैनाती. माझ्या मते मराठी नाव अधिक बोलके आहे, परंतु त्यात पैशाची बाजू झाकली जाते, आणि या पद्धतीची खरी मेख पैशात होती.

लॉर्ड वेलस्ली 1798 ते 1805 या काळात गव्हर्नर जनरल होता. त्याने हैदराबादच्या निजामाशी 1798 मध्ये असा करार केला आणि पुढे ही पद्धत एकामागून एका दरबारात नेली. कंपनी सैन्य देणार आणि त्या सैन्याचा खर्च, म्हणजे सबसिडी, संस्थानिक देणार, ही त्यातील मुख्य अट होती. रोख रक्कम वेळेवर येईना किंवा येईल याची शाश्वती वाटेना, तेव्हा तिच्याऐवजी मुलूख तोडून घेण्याचा मार्ग कंपनीने काढला. निजामाने 1800 मध्ये बळ्ळारी, अनंतपूर आणि कडप्पा हा भाग अशाच कारणाने कंपनीला दिला.

महाराष्ट्रातील प्रसंग आपण शिकवतच असाल. 25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केल्यावर दुसरा बाजीराव पुण्याहून निघाला आणि अखेर वसईस इंग्रजांच्या आश्रयाला गेला. 31 डिसेंबर 1802 रोजी झालेल्या वसईच्या तहाने त्याने किमान 6,000 पायदळ आणि त्यासोबतचा तोफखाना कायमचा आपल्या राज्यात ठेवून घेतला आणि त्याच्या खर्चासाठी 26 लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. इतर सत्तांशी परस्पर व्यवहार करण्याचा हक्कही गेला. आता 1758 च्या प्रशियाच्या कराराशी हे ताडून पाहावे. तेथे सबसिडी इंग्रज देत होते आणि फौज फ्रेडरिकची होती. येथे सबसिडी पेशवा देत होता आणि फौज इंग्रजांची होती. प्रशियात पैसे घेणारा राजा स्वतंत्र राहिला, तर पुण्यात पैसे देणारा पेशवा बांधला गेला. म्हणून ‘सबसिडी देणारा नेहमी वरचढ असतो’ हे जे सर्रास म्हटले जाते, ते या शब्दाच्या इतिहासावरून तरी सिद्ध होत नाही. फौज कोणाच्या हुकमतीत आहे, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

वर्गात सांगताना हे दोन करार शेजारी शेजारी मांडल्यास विद्यार्थ्यांना पद्धतीचे मर्म लवकर कळेल असे वाटते. गॅसच्या सबसिडीकडे मग सहज येता येते. 2015 च्या जानेवारीपासून देशभर ग्राहकाने सिलिंडर पूर्ण किमतीला घ्यावयाचा आणि सबसिडी त्याच्या बँक खात्यात जमा व्हावयाची, अशी व्यवस्था लागू झाली. त्याआधी सिलिंडरच स्वस्त मिळे, म्हणजे वस्तू सबसिडाइज होत होती. नंतर व्यक्ती सबसिडाइज होऊ लागली. मार्च 2015 मध्ये सुरू झालेल्या ‘गिव्ह इट अप’ मोहिमेत ग्राहकांना आपली सबसिडी स्वेच्छेने सोडण्याचे आवाहन करता आले, तेही बऱ्याच अंशी या बदलामुळे. जी वस्तूच्या किमतीत मुरलेली आहे ती एकट्याने सोडावी कशी?

प्रश्न : ‘सबसिडाइज’, ‘फंड’, ‘फायनान्स’ आणि ‘स्पॉन्सर’ ही क्रियापदे एकमेकांच्या जागी वापरली तर चालतात काय? तसेच सरकार धान्य पूर्णपणे मोफत देत असेल, तर त्यालाही ‘सबसिडाइज्ड’ म्हणावे काय? (एक विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : चालत नाहीत. ‘फंड’ म्हणजे एखाद्या कामासाठी पैसा पुरवणे, मग तो पूर्ण असो वा अंशतः. त्यात वस्तू स्वस्त होण्याचा भाव नसतो. ‘फायनान्स’ केलेला पैसा बहुतेकदा परत करावयाचा असतो. ‘स्पॉन्सर’ करणाऱ्याला बदल्यात नाव हवे असते. ‘सबसिडाइज’ करणाऱ्याला रक्कम परत नको असते आणि मुख्य म्हणजे लाभ घेणाराही काही तरी भरत असतो किंवा कमावत असतो, असे गृहीत असते. आईवडील शहरात नोकरी करणाऱ्या मुलाचे निम्मे घरभाडे भरत असतील, तर ते त्याला सबसिडाइज करतात. मुलगा कमावतच नसेल, तर ते त्याला पोसतात, आणि इंग्रजीतही तेथे वेगळे क्रियापद लागते.

या कारणाने मोफत वस्तूला ‘सबसिडाइज्ड’ म्हणणे नेहमीच्या इंग्रजीत खटकते. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरडधान्य 1 रुपया किलो असा दर ठेवला होता, तेव्हा ते धान्य निःसंशय सबसिडाइज्ड होते. जानेवारी 2023 पासून ते मोफत झाले, तरी अर्थसंकल्पातील शीर्षक ‘अन्न अनुदान’ असेच राहिले, कारण हिशेबाच्या भाषेत ग्राहकाचा वाटा शून्य झाला म्हणून शीर्षक बदलत नाही. बातमी लिहिताना ‘मोफत धान्य’ म्हणावे, अर्थसंकल्पावर लिहिताना ‘अन्न अनुदान’ म्हणावे.

या क्रियापदाला एक टोचरा सूरही आहे, आणि तो शब्दकोशात पाहून सहसा कळत नाही. ‘आम्ही करदाते त्यांना सबसिडाइज करतो’ या वाक्यात तक्रार असते, कौतुक नसते. म्हणून ज्याला मदत द्यावयाची पण तक्रार टाळावयाची, तो दुसरे नाव शोधतो. महाराष्ट्रात नव्या उद्योगांना करपरतावा आणि इतर लाभ देणारी योजना 1964 पासून वेगवेगळ्या रूपांत चालू आहे आणि तिचे नाव ‘सामूहिक प्रोत्साहन योजना’ आहे. केंद्राची 2020 पासूनची उत्पादनाशी निगडित योजनाही ‘इन्सेन्टिव्ह’ या नावानेच आली. खताच्या गोणीसाठी जे दिले जाते ते सबसिडी आणि कारखान्यासाठी जे दिले जाते ते प्रोत्साहन, हा भेद अर्थशास्त्राने केलेला नाही. 1995 मध्ये अस्तित्वात आलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या सबसिडीविषयक करारात तर शासनाने सोडून दिलेला देय महसूल हाही सबसिडीत धरला आहे, मग देणारा त्याला कोणत्याही नावाने ओळखो.

वापराविषयी दोन किरकोळ गोष्टी. हे क्रियापद सकर्मक आहे, त्यामुळे इंग्रजीत ‘अमुक रक्कम सबसिडाइज केली’ असे म्हणता येत नाही. कर्म म्हणून वस्तू, व्यक्ती, संस्था किंवा व्यवहार हवा, आणि रक्कम वेगळी सांगावी लागते. ‘सबसाइड’ या दिसायला जवळच्या क्रियापदाशी त्याची गल्लत करू नये. पूर ओसरतो, वादळ शमते, ताप उतरतो, तेथे ‘सबसाइड’ येते. मूळ तेच, बसण्याचे, पण पैशाचा संबंध नाही. शेवटचे व्यंजन ब्रिटिश लेखनात बहुधा ‘एस’ने आणि अमेरिकन लेखनात ‘झेड’ने लिहितात, आणि परीक्षेत दोन्ही ग्राह्य धरली जावीत, मात्र एकाच उत्तरात दोन्ही नसावीत.